चार वाक्यांच्या भूमिकेबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, चारच वाक्यं आहेत, कुणाला सांगत बसू नकोस." मी बाबांना सांगितलं, मावशीला सांगितलं, आणि महाराष्ट्र मंडळातही सांगणार आहे. मालिकेत औषधाच्या दुकानातला माणूस करतोयस, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तुझा आवाज पडलेला होता, म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

डॅब्ज ग्रीअर हे नाव तुला ठाऊक नसेल, चेहरा मात्र नक्की आठवेल. तू लहान असताना दुपारी मी 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'चे जुने भाग लावायचे. त्यातले पाद्री, रेव्हरंड आल्डन, ते हे. मी या देशात, अमेरिकेत, नवीन होते तेव्हा त्यांचं इंग्रजी मला पहिल्यापासून कळायचं, कारण प्रत्येक वाक्य ते कुणाला तरी उद्देशून, नीट पोचेल असं बोलत. पुढे मला हा माणूस जिथे तिथे दिसू लागला, आणि मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

जन्म १९१७चा, मिसूरीतल्या फेअरव्ह्यूचा. जवळच्याच पाइनव्हिलमध्ये 'जेसी जेम्स' सिनेमाचं चित्रीकरण आलं, तेव्हा गर्दीत उभं राहायला गावकऱ्यांना दिवसाला ५ डॉलर मिळत होते. मंदीच्या दिवसांत ही मोठी रक्कम. ग्रीअर त्या गर्दीत उभे राहिले. नंतर काही वर्षं शाळेत नाटक शिकवलं, मग १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यगृहात आले आणि तिथेही शिकवण्याचं आणि कारभाराचं काम केलं. म्हणजे टीव्हीवर दिसायला लागले तेव्हा तिशी उलटून गेली होती. ते थिएटर तुझ्या घरापासून लांब नाही. एकदा जाऊन ये.

तो काळच वेगळा. लोकप्रिय मालिकेचे वर्षाला ३९ भाग निघायचे. दर आठवड्याला नवी गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीला एक दुकानदार, एक डॉक्टर, एक बँकेचा कारकून, एक पाद्री हवाच. नायक तोच राहायचा, भोवतालचं गाव मात्र या माणसांनी उभं करायचं, तेही दोन-तीन दिवसांच्या चित्रीकरणात. तालमीला फुरसत नाही. सकाळी सेटवर यायचं, संवाद पाठ असायला हवेत, आणि आपण वर्षानुवर्षं इथेच राहतो असं पहिल्याच शॉटमध्ये दिसायला हवं. ग्रीअर यांना हे साधलं होतं. 'गनस्मोक' या वेस्टर्न मालिकेत डॉज सिटी गावचा दुकानदार जोनस त्यांनी कितीतरी भागांत केला. १९५२ साली टीव्हीवर सुपरमॅन आला तेव्हा पहिल्याच भागात फुग्यासारख्या हवाई जहाजाखाली दोराला लटकणारा जो माणूस सुपरमॅन वाचवतो, तो ग्रीअरच. 'डिक व्हॅन डाइक शो'मध्ये नायक-नायिकेचं लग्न यांनी लावलं, १९६९ साली 'ब्रेडी बंच'च्या पहिल्या भागातलं लग्नही यांनीच. अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीने हा चेहरा घरातल्या माणसासारखा ओळखला, नाव मात्र थोड्यांनाच माहीत.

स्वतः ते म्हणत की प्रत्येक चरित्र अभिनेता आपापल्या छोट्या वर्तुळात नायकच असतो. मला हे शंभर टक्के पटतं. 'गनस्मोक'मधल्या जोनसला काही नायकाची, म्हणजे मार्शलची, गोष्ट माहीत नसते. त्याचं दुकान आहे, उधारी आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे. समोरचा बोलत असताना ग्रीअर कसे ऐकतात ते बघ. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत ते उभे नसतात. आपल्याकडच्या कौटुंबिक नाटकांत रामा गडी असायचा ना, त्यातही जो नट खरोखर ऐकायचा त्याच्याकडेच माझं लक्ष जायचं.

आणि 'द ग्रीन माइल' पुन्हा लाव. नायकाचं म्हातारपणही टॉम हँक्सच करणार होते, पण रंगभूषा काही पटेना, म्हणून ते काम ग्रीअर यांच्याकडे आलं. सिनेमा लागला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. वृद्धाश्रमात टीव्हीवर जुना नाचगाण्याचा सिनेमा चालू आहे, सगळे मजेत बघताहेत, आणि या म्हाताऱ्याला रडू फुटतं. का, ते आपल्याला अजून काहीच माहीत नाही. पुढच्या तीन तासांची गोष्ट त्या एका चेहऱ्यावर आधीच होऊन गेलेली असते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टीत उभं राहिलेल्या माणसालाच हे जमू शकतं असं मला वाटतं. २००७ साली ते पॅसाडीनातच गेले, वयाच्या ९०व्या वर्षी.

आता तुझं काम. तो औषधवाला दिवसभर उभा असतो. पाय दुखत असतील. समोरच्या बाईच्या हातातली चिठ्ठी वाचून तिच्या घरात काय झालंय ते त्याला कळलेलं असतं, पण बोलता येत नाही. पिशवी काउंटरवर ठेवायची की तिच्या हातात द्यायची, हे तू ठरव. दिग्दर्शक सांगणार नाही, त्याला वेळ नसेल.

आणखी एक. कलावंतांच्या युनियनची कागदपत्रं सांभाळून ठेव. पेन्शन आणि आरोग्यविमा नटांच्या १९६०च्या संपानंतर सुरू झाला, तो तुझ्यासारख्या एकेका दिवसाच्या कामावर जगणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. कामाचे तास आणि मानधन प्रत्येक वेळी लिहून ठेवत जा, बाबा विचारतीलच.

भाग कधी लागणार ते कळलं की लगेच कळव. मावशीला पुण्यात बघता येईल का तेही विचारून ठेव. डाळ-तांदूळ संपले असतील तर सांग, पुढच्या आठवड्यात पार्सल करते.

तुझी,
आई