केवडा मादी निघाला

नागपंचमीचा दुसरा दिवस

सुमे,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही, म्हणून आधी मनसोक्त शिव्या घालून घे. घातल्यास? आता वाच.

आपल्या केवड्याला अननस लागलाय. हिरवागार, नारळाएवढा. शेजारचं पोर रोज येऊन विचारतं, काकू, कापणार कधी? २०१८ च्या मृगात लावलेलं पिलू. मागच्या दारी, पऱ्ह्याच्या कडेला, जिथे चार महिने चिखल आणि दुसरं काही जगत नाही तिथे. शेणखत घातलं, पानांच्या काट्यांनी हात सोलून घेतले. तिन्ही बाजूंनी काटे, दोन्ही कडांना आणि पाठीच्या शिरेवरही. दर गौरीला वाटायचं, यंदा कणीस येणार, वेणीत पान माळणार.

वास येतो तो नराच्या कणसाला, मादीला नुसतं फळ. झाडंच वेगवेगळी. हे पन्नाशीत कळावं! आणि बुंध्याशी फुटलेलं पिलू म्हणजे आईचीच नक्कल, नर असेल तर नर, मादी तर मादी. म्हणजे चूक मातीची नाही, शेणखताची नाही. आपण आणलं चुकीच्या बेटातून.

आपण कसलं, तू! त्या संध्याकाळी मी म्हणत होते वरच्या अंगाचं बेट. तू कमरेवर हात ठेवून, "माझ्या माहेरचा केवडा मला शिकवू नकोस." शिवाय टॉर्च तुझ्याकडे होता. (सहलीच्या पैशांचा हिशेबही तूच ठेवला होतास, ते आज काढत नाही.)

हे म्हणतात तोडून टाक, सापांचं घर आहे. केवड्याच्या वासाला साप येतो म्हणे. माझ्या केवड्याला वासच नाही, तर साप काय अननस खायला येणार? तोडायचा मात्र नाही मला. गेल्या पावसात पऱ्ह्या फुगला तेव्हा शेजारची कड ढासळली, आमची राहिली. मुळ्या खोडातून खाली उतरून चिखलात अशा रुतल्यात की पहारीने हलत नाहीत.

पण परवा कळलं, तुझे भाऊ ती पऱ्ह्याकडची जागा विकतायत आणि भराव पडणार. खरं का गं? तेव्हापासून झोप नाही. जागा तुमची, मी बोलणारी कोण. पण वरच्या अंगाचं बेट गेलं तर तो वास गेला. काकूंच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत ठेवलेलं पान आठवतं? ट्रंक उघडली की ओटीपर्यंत यायचा. काकूंच्या दिवसांना मी आले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. गुडघा तेव्हा बरा होता, सुमे. ती ट्रंक बघवली नसती.

तर भावाला फोन कर. भराव पडायच्या आत वरच्या बेटातली दोन पिलं काढू दे, हाताएवढी, मुळांसकट. मीच जाईन कोयता घेऊन. आधी कणीस बघेन, हुंगेन, मगच हात लावेन. या वेळी टॉर्च माझा.

गुडघा आहे तसा. यांची साखर आटोक्यात. मुक्ताचं बारावीचं वर्ष ना? तिला फार दामटू नकोस. नाशकात पाऊस आहे का? रंगकाम संपलं का?

फोन आजच कर. भावाला, मग मला.

तुझी,
शालू