सिस्टर, तुमच्या वहीबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,
सा. न. वि. वि.

शाहूपुरी-राजारामपुरीतल्या आम्हा फॅमिली डॉक्टरांकडून हे पत्र. 'पित्ताशयात खडा' असा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणि त्यांचे आई-वडील घाबरून जातात. ऑपरेशन कसं करतात ते सर्जन सांगतात. पण ते करायचं की नाही, याचा विचार कसा करावा हे तुम्ही शिकवता. त्याबद्दल मनापासून आभार.

'खडा केवढा?' हा तुमचा पहिला प्रश्न कधीच नसतो. 'दुखतं कुठं आणि किती वेळ?' हा असतो. आपल्याकडं पोटातलं सगळंच 'पित्त'. मिसळीचा कट पिऊन छातीत जळजळलं तरी पित्त, खड्याची कळ आली तरी पित्तच, मग महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या. तुम्ही मुलीला स्वतःचा हात उजव्या बरगडीखाली ठेवायला लावता. खड्याची कळ तिथं किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध येते, बहुधा तेलकट जेवणानंतर. अर्धा तास ते काही तास टिकते, पाठीत नाहीतर उजव्या खांद्यात जाते आणि ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन थांबत नाही.

मग शाळेची वही निघते. उभे पाच रकाने: तारीख-वेळ, काय खाल्लं, कुठं दुखलं, किती वेळ, उलटी झाली का. वही भरत गेली की निर्णयही सोपा होत जातो. कळा खड्याच्याच असतील तर पित्ताची पिशवी, म्हणजे पित्ताशय, काढणं हाच खरा इलाज. काही त्रासच नसेल, दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत खडा दिसला असेल, तर बहुतेक वेळा थांबून लक्ष ठेवायचं. दुखण्याचं मूळ दुसरीकडं असताना ऑपरेशन केलं तर पिशवी जाते आणि दुखणं राहतं. एवढ्या लहान वयात खडा झालाच का, सिकलसेल किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार तर नाही ना, हेही तुम्ही आठवणीनं तपासायला लावता.

पण ताप-थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद किंवा कळ थांबतच नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा, हे तुम्ही दोनदा बजावता.

घरच्यांच्या शंकांना तुम्ही कधी कंटाळला नाहीत. मुतखड्यासारखा फोडता येत नाही का? नाही, तुकडे पित्तनळीत अडकले तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसानं पडतात ते हिरवे गोळे? तो तेलाचा झालेला साबण, खडे नव्हेत. पिशवी काढल्यावर पित्त कुठं जाणार? तेव्हा सोनोग्राफीच्या पाकिटामागं तुम्ही यकृत काढता, खाली छोटी पिशवी. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी फक्त ३०-५० मिली साठवते. ती गेली की पित्त थेट आतड्यात उतरतं. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं, म्हणून सुरुवातीला थोडं-थोडं आणि कमी तेलाचं खायचं. तांबडा-पांढरा जन्मभर बंद होत नाही.

आईनं हळूच विचारलेला लग्नाचा आणि बाळंतपणाचा प्रश्नही तुम्ही टाळत नाही. पित्ताशयाचा गर्भाशयाशी संबंध नाही. उलट कळा येणारा खडा तसाच ठेवला तर तो गरोदरपणात जास्त छळू शकतो.

धोकाही लपवत नाही. ऑपरेशन दुर्बिणीतून, बहुतेकदा चार छिद्रं, ५ ते १० मिलिमीटरची. पोटात भरलेल्या वायूमुळं एक-दोन दिवस खांदा दुखतो. मुख्य पित्तनळीला इजा हजारात तीन-चार जणांना होऊ शकते. म्हणूनच आतली रचना नीट दिसली नाही आणि सर्जननं पोट उघडून ऑपरेशन केलं, तर ते बिघडलं असं समजू नका, हे तुम्ही आधीच सांगून ठेवता.

अठरा पूर्ण नसतील तर सही आई-वडिलांची लागते. तरी कागद पुढं करण्याआधी तुम्ही पोरीकडं वळून विचारता, 'तुला काय वाटतं?' आणि ती बोलेपर्यंत थांबता.

तुमचे पाच रकाने आम्ही आता छापून घेतलेत. आमच्याकडून येणारं प्रत्येक पोर तो कागद भरूनच तुमच्याकडं येईल.

आपले नम्र,
कोल्हापुरातले काही फॅमिली डॉक्टर