बर्फ रसवंतीवरून आणावा लागू नये : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अतितीव्र तापाच्या रुग्णांच्या शुश्रूषेसाठी परिचारिकांना साधने, मनुष्यबळ व लेखी अधिकार मिळण्याबाबत.

मा. महोदय,

मी २००३ साली नोकरीला लागले आणि तेव्हापासून मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करीत आहे. कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग), मेडिसिन वॉर्ड आणि मुलांचा वॉर्ड या तिन्ही ठिकाणी माझी वर्षे गेली आणि तिन्ही ठिकाणी सर्वांत जास्त वेळा हाताला लागलेली गोष्ट म्हणजे तापलेले अंग. त्या अनुभवातून आपल्यापुढे मुख्य मागणी ठेवायची आहे : उष्माघाताने अंग अतिशय तापलेल्या रुग्णाला थंड करणे हा उपचार आहे असे शासनाने लेखी मान्य करावे, आणि तो उपचार रुग्ण दारात येताक्षणी सुरू करण्याचा अधिकार व साधने परिचारिकेच्या हाती द्यावीत.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, पाळी बदलण्याच्या सुमारास, बांधकामावरच्या एका मजुराला त्याच्या सोबत्यांनी टॅक्सीत घालून आणले. वय तिशीच्या आतले. तो असंबद्ध बरळत होता, अंगाला हात लावला तर चटका बसत होता, आणि काखेत लावलेल्या डिजिटल थर्मामीटरवर आकड्याऐवजी ‘एच’ हे अक्षर उमटले. म्हणजे ते यंत्र जेवढे मोजू शकते त्याच्या वर त्याचा ताप गेला होता. केसपेपरवर पॅरासिटामॉलचे इंजेक्शन लिहिले गेले, ते मी दिले, आणि आम्ही चादरी ओल्या करू लागलो. बर्फ मात्र नव्हता. फ्रीज होता, पण त्यात इन्सुलिन आणि लशी ठेवण्यापुरतीच जागा होती. आमचे वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) फाटकाबाहेरच्या उसाच्या रसवंतीवर धावत गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी खांद्यावरून घेऊन आले. ती फोडून त्याच्या मानेला, काखांत आणि जांघांत बर्फ लागेपर्यंत पाऊण तास उलटला होता. त्याची मूत्रपिंडे आधी बंद पडली, मग यकृत, आणि तिसऱ्या रात्री तो गेला. त्याच्या गावाहून निघालेला भाऊ तोपर्यंत मुंबईला पोहोचलाही नव्हता.

त्या दिवशी हजर असलेल्या कोणालाही मी दोष देत नाही. निवासी डॉक्टर एकटे होते आणि त्यांच्यापुढे आणखी चार गंभीर रुग्ण होते. पण आमच्या हातून जे घडले त्यात एक मूलभूत चूक होती आणि ती आजही अनेक ठिकाणी घडते, म्हणून ती स्पष्ट लिहिते. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो आणि पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात तसे नसते. तिथे शरीराला साठलेली उष्णता बाहेर टाकता येत नाही, आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे आमच्या चार्टवरच्या १०४ फॅरनहाइटच्या वर जाते, शुद्ध हरपू लागते, आणि पॅरासिटामॉलचा काहीही उपयोग होत नाही. उपयोग होतो तो अंग प्रत्यक्ष थंड करण्याचा, आणि ते पहिल्या अर्ध्या तासात झाले तर सर्वांत जास्त. बर्फाच्या पाण्यात रुग्णाला बुडवणे हा त्यावरचा सर्वांत जलद मार्ग आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात २०२४ च्या उन्हाळ्यात उष्माघातासाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला, तिथे रुग्णाला बुडवण्यासाठी टब आणि बर्फ तयार करणारे यंत्र बसवले गेले. जे दिल्लीत शक्य झाले ते मुंबईच्या प्रत्येक मोठ्या कॅज्युअल्टीत का असू नये?

मुंबईत दिल्लीसारखी लू, म्हणजे कोरडा भाजणारा वारा, नसतो, म्हणून इथे उष्माघात नाही, असा एक समज आमच्या क्षेत्रातही आहे. हवामान खाते किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करीत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसे दगावली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणारी, घमेल्यातून काँक्रीट वाहणारी, भर दुपारी पार्सले पोहोचवणारी माणसे आमच्याकडे येतात तेव्हा नातेवाईक सांगतात, ‘साधा ताप आहे, चक्कर आली.’ काखेतला थर्मामीटर अशा वेळी खरे तापमान कमी दाखवू शकतो, आणि कोविडच्या काळात दारोदारी दिसलेली, कपाळावर धरून तापमान मोजणारी बंदूक तर त्याहून कमी भरवशाची. आतले तापमान गुदद्वारातून मोजणारा प्रोब लागतो. तो महागडा नाही, आणि तरीही इतक्या वर्षांत मी तो अतिदक्षता विभागाबाहेर पाहिलेला नाही.

पावसाळ्यात चित्र बदलते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोचे (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे) रुग्ण येऊ लागले : फणफणून ताप, पोटऱ्या ठणकणाऱ्या, डोळे लाल नाहीतर पिवळे. मी तेव्हा नवखी होते. एका खाटेवर दोघे आणि दोन खाटांमध्ये जमिनीवर तिसरा, असे आम्ही ते दिवस काढले. त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा थोड्याफार फरकाने तसाच असतो. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो एकाच वॉर्डात शेजारी शेजारी असतात. मलेरियाच्या हुडहुडीत रुग्णाला पांघरूण हवे असते आणि तासाभराने तेच पांघरूण काढावे लागते. तापलेल्या लहान मुलाला बर्फाच्या पाण्याने पुसले तर ते कुडकुडते आणि कुडकुडण्याने ताप आणखी चढतो, म्हणून त्याला कोमट पाणीच लागते. म्हणजे उष्माघातात जे तारते तेच इथे मारक ठरू शकते, आणि हा फरक ओळखण्यासाठी रुग्णाजवळ कोणीतरी उभे असावे लागते. घरी मुलाला झटके आले की कांदा हुंगवतात, दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घालतात. त्या आईला रागावण्याऐवजी मुलाला कुशीवर कसे वळवायचे हे शांतपणे दाखवायलाही पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आमच्याजवळ नसतात, याचे मला अतिशय वाईट वाटते.

डेंग्यूबद्दल एक प्रसंग सांगते. बारा वर्षांची एक मुलगी चार दिवस १०३ च्या तापाने तळमळत होती आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. आईने देवाला हात जोडले आणि घरी कधी सोडणार म्हणून विचारले. मी उशी नीट करायला वाकले तेव्हा मुलीचे हात मला गार आणि ओलसर लागले. ती पोटात दुखते असे पुटपुटली. रक्तदाब घेतला तर वरचा ९६ आणि खालचा ८२. डेंग्यूत खरा धोका ताप चढताना नव्हे, तर तो उतरताना असतो; रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते आणि वरखालच्या रक्तदाबातले अंतर आक्रसत जाते. डॉक्टर धावत आले, सलाईनचा वेग बदलला, रात्रभर दर अर्ध्या तासाला आम्ही तिचा दाब पाहिला आणि मुलगी वाचली. पण त्या रात्री वॉर्डात ५८ रुग्ण आणि आम्ही दोन सिस्टर होतो. मी त्या उशीजवळ वाकले नसते तर चार्टवर ‘ताप नाही’ एवढीच नोंद झाली असती. त्या अर्ध्या अर्ध्या तासांत इतर ५७ जणांचे तापमान कोणी घेतले, हा प्रश्न मला त्या रात्रीही होता आणि आजही आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. शुद्ध हरपलेला आणि अंग तापलेला रुग्ण आला की डॉक्टरांच्या लेखी सूचनेची वाट न पाहता परिचारिकेने आतले तापमान मोजावे आणि उष्माघाताची चिन्हे असतील तर लगेच थंड करायला सुरुवात करावी, असा स्थायी आदेश आपल्या खात्याने राज्यातील सर्व रुग्णालयांसाठी काढावा. आज असे केले आणि रुग्ण दगावला तर चौकशीत पहिला प्रश्न ‘ऑर्डर कुठे आहे?’ हाच येतो, आणि त्या भीतीने कित्येक तरुण सिस्टर हातात ओली चादर घेऊन उभ्या राहतात. आदेशासोबत प्रोब, टब आणि बर्फाचे यंत्र द्यावे. १०८ च्या रुग्णवाहिकांतही बर्फाच्या पिशव्या असाव्यात, कारण उष्माघातात आधी थंड करायचे आणि मग हलवायचे असते. आणि जून ते ऑक्टोबर या काळात तापाच्या वॉर्डांना रात्रपाळीसाठी वाढीव परिचारिका मिळाव्यात. मंजूर पदे भरेपर्यंत निदान हंगामी स्वरूपात तरी.

आमच्या पाळीतल्या सिस्टरांनी मिळून अशा स्थायी आदेशाचा एक पानी मसुदा मराठीत तयार केला आहे. तो या पत्राच्या टपालाने पाठवलेल्या प्रतीसोबत जोडला आहे. त्यात सुधारणा हव्या असतील तर जाणकार डॉक्टरांकडून जरूर करून घ्याव्यात, परंतु येत्या मार्चपूर्वी तो लागू व्हावा, कारण एप्रिल लागताच कॅज्युअल्टीत पुन्हा तेच रुग्ण येऊ लागतील.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, मुंबई