भाकरी कमी करायची, तर रेशनवर डाळ हवी

महोदय,

कमी कर्बोदकांच्या आहाराचा विषय निघाला की ॲव्होकॅडो, बदामाचे पीठ आणि ‘कीटो’च्या महागड्या भुकट्या यांचीच नावे ऐकू येतात. मग साध्या घरातली माणसे ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणून तो विषय तिथेच सोडतात. याचे मला मनापासून वाईट वाटते. या आहाराची गरज त्यांनाही तितकीच आहे आणि त्याला लागणारे जिन्नस वाण्याकडे आणि आठवडी बाजारात मिळतात.

‘आयसीएमआर’ची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळपास ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असेही त्याच पाहणीतून पुढे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत उष्मांकांतला तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले आहे.

आपले ताट बघा. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात, चारच्या चहाबरोबर बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी-भात. उपवासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीत जे काही पोषण असते ते शेंगदाण्याच्या कुटाचे. यात उसळ, पालेभाजी, कोशिंबीर ही तोंडी लावण्यापुरती उरली आहेत. तेवढे उलटे करायचे. मोड आलेल्या मटकीची उसळ वाटीभर नव्हे, पोटभर. शेपू, चाकवत, अंबाडी, मेथी भरपूर. घट्ट वरण किंवा झुणका, कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी, वाटीभर दही, खाणाऱ्यांना अंडी-मासे, आणि सोबत एकच भाकरी. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे. साखर आणि मैद्याचे पदार्थ मात्र बंदच. डाळी-कडधान्यांतही कर्बोदके असतात, पण त्यांच्याबरोबर प्रथिने आणि तंतूही येतात. ज्वारी-बाजरीबद्दल सध्या गैरसमज आहे की ती कितीही खाल्ली तरी चालते. तिच्यात तंतू चांगले आहेत हे खरे, पण ज्वारीच्या पिठातही वजनाच्या दोन तृतीयांशाच्या आसपास कर्बोदकेच असतात. जे इन्शुलिन घेतात किंवा मधुमेहाच्या गोळ्या खातात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोळी-भात एकदम कमी करू नये, रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

हा सल्ला सर्वांना पाळता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आता तर ते मोफत आहे. त्याने असंख्य चुली पेटत्या राहिल्या, त्याचे मोल मला कमी करायचे नाही. पण गहू-तांदूळ फुकट आणि तूरडाळ बाजारभावाने, अशा स्थितीत मजुराच्या घरात ताट कशाने भरणार? मुलांचेही तेच. शालेय पोषण आहारात आठवड्याला अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा निधी थांबवला. ज्या मुलांना घरी अंडे मिळत नाही, त्यांच्याच ताटातून ते गेले.

डाळ देणे अशक्य नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’मध्ये सरकारने किलोभर चणाडाळ दिलीच होती, सोबत रवा, साखर आणि पामतेलही होते. त्या रवा-साखरेऐवजी दरमहा प्रत्येक शिधापत्रिकेवर दोन किलो डाळ आणि किलोभर शेंगदाणे सवलतीत द्यावेत, आणि शाळेतल्या अंड्यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद कायमची करावी, ही माझी मागणी आपण आपल्या वृत्तपत्रातून अन्न व नागरी पुरवठा आणि शालेय शिक्षण या दोन्ही मंत्र्यांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी (जि. सोलापूर)