पाठदुखीच्या लेखात मणक्यातल्या गाठीबद्दलही लिहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला पाठदुखीवरचा लेख वाचला. बसायचं कसं, वजन उचलायचं कसं, व्यायाम कोणते, सगळं नीट दिलंय, पण पाठदुखीच्या मागे क्वचित मणक्यातली गाठ असू शकते हे एका ओळीतही नाही, म्हणून हे पत्र. बहुतेकांची पाठदुखी साधीच असते हे मला मान्य आहे, कुणाला घाबरवायचं नाहीये.

माझ्या ताईला पाठीत मधोमध दुखायचं. दिवसा कामात असली की बरं असायचं आणि रात्री आडवं झालं की वाढायचं, मग पहाटे उठून खुर्चीतच बसल्या बसल्या झोपायची. कुणी म्हणालं मणक्यात गॅप आलाय, कुणी म्हणालं नस दबलीय, पट्टा झाला, शेक झाला, ट्रॅक्शन झालं, असे आठ महिने गेले. एक दिवस चालता चालता तिची डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि तिला पत्ताच नाही, चार पावलं पुढे जाऊन खाली बघितलं तेव्हा कळलं. आम्ही ते हसण्यावारी नेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एमआरआय झाला, पण कमरेचा, आणि रिपोर्टमध्ये वयाप्रमाणे झीज एवढंच आलं. पुढच्या डॉक्टरांनी टाचणी घेतली, पायापासून हळूहळू वर टोचत आले, आणि बेंबीच्या जरा वर पोचल्यावर ताई म्हणाली, "आता टोचतंय." तेवढ्यावरून त्यांनी छातीच्या मागच्या मणक्यांचा एमआरआय काढायला सांगितला आणि गाठ तिथेच निघाली. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या आतून खाली येणारी नसांची दोरी, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, पायांकडे जाणारे सगळे संदेश वरूनच येतात, त्यामुळे दाब वर पडतो आणि बधिर पाय होतात. हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

गाठ म्हटलं की घरात लगेच कॅन्सरचीच कुजबुज सुरू होते. तसं सरसकट नसतं, गाठ नेमकी कुठे आहे यावर बरंच ठरतं. मज्जारज्जूच्या आवरणाला किंवा नसेला धरून वाढणाऱ्या मेनिन्जिओमा, श्वानोमा अशा गाठी बहुतेक साध्या असतात आणि हळू वाढतात, ताईची मेनिन्जिओमाच होती. खुद्द मज्जारज्जूच्या आत होणाऱ्या गाठी कमी आढळतात पण काढायला जास्त अवघड. हाडात सापडणाऱ्या कॅन्सरच्या गाठी मात्र बहुतेक वेळा दुसरीकडून आलेल्या असतात, स्तन, फुफ्फुस, प्रोस्टेट, किडनी वगैरेकडून. म्हणून ज्यांना आधी कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी नवीन पाठदुखी सुरू झाली तर मलम चोळत बसू नये, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना जुन्या आजाराचं सांगावं. आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, हाड बरंच पोखरल्याशिवाय एक्सरेत दिसत नाही आणि मज्जारज्जू तर त्यात दिसतच नाही.

उपचार प्रत्येकाचा वेगळा. लहान, त्रास न देणारी साधी गाठ असेल तर ठरावीक काळाने एमआरआय काढून नुसतं लक्ष ठेवतात. दाब पडत असेल तर ऑपरेशन, कुठे रेडिएशन, कुठे दोन्ही, मूळ कॅन्सरप्रमाणे केमो किंवा इतर औषधं, आणि सूज उतरवायला स्टेरॉइड. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १०१ पेशंटचा अभ्यास आला होता, कॅन्सर पसरून मज्जारज्जूवर दाब आलेल्यांचा, त्यात ऑपरेशन करून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के लोक उपचारानंतर चालू शकत होते आणि नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी ५७ टक्के.

आमच्याकडे सगळ्यात मोठा अडथळा होता "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे पाय गेलेच" ही भीती. धोका असतोच, सर्जननी तो आमच्यापासून लपवला नाही, पण मायक्रोस्कोपखाली काम चालतं आणि ऑपरेशन सुरू असतानाच नसांचे सिग्नल मशीनवर बघत राहतात. उलट वाट बघण्यातच पाय जायची भीती जास्त, कारण उपचाराआधी जो चालतोय त्याची नंतर चालण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. पायातली ताकद झपाट्याने कमी होतेय, लघवी अडतेय किंवा नकळत होतेय, बसायच्या जागी बधिरपणा आलाय, असं काही झालं तर सोमवारची ओपीडी बघायची नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं.

एवढी लक्षणं पुढच्या वेळी लेखाशेजारी छोट्या चौकटीत छापा ही विनंती, रात्री वाढणारं दुखणं आणि पायातून निसटणारी चप्पल त्यात नक्की घ्या. ताई आता जिना धरून चढते, डाव्या अंगठ्यात बधिरपणा अजून आहे, तो कदाचित राहील असं डॉक्टर म्हणालेत, पण रात्री ती पलंगावर आडवी होऊन झोपते.

आपला,
एक नियमित वाचक