वन्सं, तुमचे आभार

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून बोलायला लागले असते तर तुम्ही मला अर्ध्यातच गप्प केलं असतंत, म्हणून लिहिते. आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते. साठी उलटल्यावर मी पुन्हा लग्न केलं, तेव्हा माझ्या पाठीशी सगळ्यात आधी उभ्या राहिलात त्या तुम्ही, माझ्या गेलेल्या नवऱ्याची सख्खी बहीण.

महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं, हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. त्यांचं कौतुक आपल्या घरातही सगळ्यांनाच. पण माझा विषय निघाला तेव्हा "आता या वयात कशाला?" हेच ऐकू आलं. तुम्ही मात्र विचारलंत, "माणूस कसा आहे? स्वतःचं ताट स्वतः उचलतो का?"

विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस दिली की 30 दिवस थांबावं लागतं आणि ती कार्यालयातल्या फलकावर लावतात. कुणीतरी तिचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी फोन उलटा करून ठेवला. संध्याकाळी पाहिलं तर खाली तुमची एकच ओळ होती, "तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी." पुढे कुणी काही लिहिलं नाही.

विधवेला अर्जासोबत आधीच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. माझा हात त्या कपाटाकडे जाईना. तुम्ही स्वतः महापालिकेत जाऊन नवी प्रत आणलीत. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न घालता. भावाचं नाव त्यावर वाचताना तुम्हाला काय झालं असेल, ते मी विचारू शकले नाही. आजही विचारत नाही.

मुलाच्या मनात घराची धाकधूक होती आणि ती रास्तच होती. नवरा गेल्यावर बायको आणि मुलं सारख्या वाट्याचे वारस. पुन्हा लग्न केलं म्हणून माझा वाटा जात नाही. पण मी मृत्युपत्र न करता गेले, तर त्या वाट्यात मुलांबरोबर नवा नवराही वारस होणार. हे त्याला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून ते भांडण वाटलं असतं, आत्याच्या तोंडून नाही वाटलं. लग्नाआधीच आम्ही दोघांनी आपापली मृत्युपत्रं केली, दोन-दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, ज्याचं त्याच्या मुलांना. त्या रात्री मुलगा कितीतरी दिवसांनी माझ्याजवळ बसून जेवला.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. आईवडील गेल्यावर, भाऊ गेल्यावर तुमचं माहेर म्हणजे मीच उरले होते. मी त्या घरातून बाहेर पडले की तुम्ही हक्कानं बॅग टाकायची कुठे? हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत असणार. तरी एका शब्दानं बोलला नाहीत आणि सही करायला सगळ्यांच्या आधी येऊन बसलात. वन्सं, हे ऋण फिटायचं नाही.

सूनबाई तुमची वाट बघते आहे, त्या घरी चार दिवस राहाच. मग इकडे या. यांना मी सांगून ठेवलंय की माझी नणंद येणार आहे. तुम्हाला सकाळी चहाआधी गरम पाणी लागतं, हेही सांगितलंय. येताना थंडीचे कपडे आणा, इथे पहाटे गारठा असतो.

तुमची,
वहिनी