शिलाई मशीनवाल्या काकूंना

काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी मुद्दाम चारचौघांत लिहितेय. समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही मशीनचं पायडल जोरात मारता आणि म्हणता, ‘राहू दे व माय, शेजारपाजार कायसाठी असते?’ त्या खडखडाटात माझं बोलणं अर्धवटच राहतं. आज सगळं लिहून टाकते. तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगा.

तुम्ही आमची आलमारी लावून दिली. एवढंच वाक्य वाचलं तर कोणालाही वाटेल, त्यात काय मोठं? घटस्थापनेच्या आधी घरोघरी आवराआवर होतेच. पण आमच्या घरात कुलूप लागतं अशी ती एकच वस्तू आहे, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल की तिच्यात काय काय कोंबलेलं असेल. सातबारा तिच्यात, पासबुकं तिच्यात, खताच्या पावत्या, पोरांचे दाखले तिच्यात. आणि उरलेल्या जागेत साऱ्या घराचे कपडे. साडेसहा फुटी लोखंडी आलमारी, माझ्या लग्नात आंदणात आलेली. दार उघडायचं तर एक हात आतल्या ढिगाला लावून ठेवावा लागायचा.

एकत्र घरात कपडे वाढत जातात आणि कमी कधीच होत नाहीत. मोठ्याचं लहान्याला, लहान्याचं पुढच्या बाळंतपणासाठी. महालक्ष्म्या आमच्याकडे बसतात, म्हणजे दर भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठेच्या साड्या. आणि आहेर. एका लग्नसराईत मानाच्या साड्या, ब्लाऊजपीस, दुपट्टे, टोप्या किती जमतात ते गावातल्या कोणत्याही बाईला विचारा. घेतलं तेवढं द्यायचं असतं, म्हणून आलेल्या आहेराची घडी कोणी मोडत नाही. पुढच्या लग्नात फिरवू म्हणून तो आत जातो. मग कोणती साडी कोणाकडून आली हे विसरायला होतं, आणि जिची साडी तिलाच परत गेली तर वर्षभराचा अबोला. त्या भीतीनं आहेर ना वापरला जात होता, ना दिला जात होता.

तुम्ही आलात ते दिवस तुमच्या कामाचे. दिवाळीचे ब्लाऊज, नवरात्राचे पोरींचे घागरे, साऱ्या गावाचं कापड तुमच्या खोलीत पडलेलं. तरी दुपारचं जेवण झालं की तुम्ही येत होतात. पहिल्या दिवशी दार उघडताच वरचं गाठोडं खाली आलं. तुम्ही ते दोन्ही हातांनी झेललं, ‘अवो माय’ म्हणालात आणि सतरंजी मागितली. ना नाक मुरडलं, ना ‘किती हा पसारा’ म्हणालात.

आणि टाकायचं काय, हे तुम्ही विचारलंच नाही. एक एक कपडा उचलायचा, उलटा-सुलटा करून पाहायचा आणि विचारायचं, ‘हे आता कोण घालते?’ ज्याचं नाव निघेल त्याच्या नावाचा ढीग. सासूबाईंचा, यांचा, भाऊजींचा, जाऊबाईंचा, पोरीचा, पोराचा. ज्याला नाव नाही ते मधोमध. माझ्या मते आवरायची हीच खरी रीत. साड्या एकीकडे, शर्ट एकीकडे असं लावलं की दोन दिवसांत पुन्हा कालवाकालव होते, कारण शर्ट तीन माणसांचे असतात. माणसागणिक कप्पा लागला की ज्यानं विस्कटलं त्यालाच लावावं लागतं. आमच्या पोरीला आता शाळेत जाताना ‘मम्मी, माझी ओढणी कुठंय’ असं ओरडावं लागत नाही.

सासूबाई बाजेवर बसून सारं पाहत होत्या. त्यांना धाकधूक होती की आता आपली पातळं भांडेवालीच्या टोपल्यात जाणार. त्या बोलल्याही, ‘माये लुगडे भांड्यावर नको देऊ व बाई.’ गावनात्यानं तुम्ही त्यांच्या जाऊ. तुम्ही उठून त्यांच्याजवळ जाऊन बसलात. म्हणालात, ‘तुमाले इचारल्याशिवाय एक चिंधीबी जाणार नाई.’ आणि खरंच तसंच केलंत. एक एक पातळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या हात फिरवत होत्या, हे कोणत्या सालचं, कोणाच्या लग्नातलं ते सांगत होत्या, तुम्ही ऐकत होतात. मामंजींची धोतरं निघाली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी स्वतःच एक धोतर बाजूला काढलं आणि बाकीची तुमच्याकडे दिली. धुवून धुवून इतकं मऊ झालेलं सूत बाजारात विकत मिळत नाही. त्यांची दुपटी झाली, जाऊबाईंचे दिवस भरत आले होते. आज तिचं बाळ त्यातच गुंडाळलेलं असतं.

कोसा साडीचा धडा मी कधी विसरणार नाही. सासूबाईंची ती करवतकाठी, भंडाऱ्याकडच्या विणकराच्या हातची. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या किड्यांचं ते रेशीम. आम्ही तिला जिवापाड जपत होतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर डांबरगोळ्या टाकून. तुम्ही पिशवी उघडली आणि आधी वास घेतला. मग साडी खिडकीजवळ नेली, पदराच्या घडीवर बोट फिरवलं, तर दोन-तीन धागे तुटून बोटाला आले. कापड नेमकं घडीच्या रेषेवर विरत चाललं होतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिल्यानं असं होतं, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, ती बाहेर जात नाही. तुम्ही ती साडी सावलीत, वाऱ्यावर पसरली, उन्हात नाही. विरलेल्या जागी आतून पातळ सुती पट्टी धरून बारीक टाके घातले. मग जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळली, घडी वेगळ्या ठिकाणी पाडली आणि मला बजावलं, ‘दोन-तीन महिन्यानं उघडजो, घडी बदलवजो.’ मी बदलवते, काकू. परवाच उघडली होती, ती पुढे विरलेली नाही.

डांबरगोळी कापडाला लागू द्यायची नाही, पुरचुंडीत बांधून वरच्या कप्प्यात ठेवायची, कारण तिचा वास जड असतो, वरून खाली उतरतो. खळ घातलेलं सुती कापड तसंच ठेवलं की कसर त्या खळीसाठी येते, म्हणून ठेवणीत टाकायच्या आधी खळ धुवून काढायची. कडुनिंबाचा पाला सावलीत कडक वाळलेलाच हवा, ओला टाकला तर बुरशी. जरतार प्लॅस्टिकमध्ये काळी पडते. हे सगळं तुम्ही हात चालवता चालवता सांगितलं. मी पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, आणि ते पान आता आलमारीच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

आहेराच्या साड्यांना तुम्ही चिठ्ठ्या लावल्या. कोणाकडून, कोणत्या लग्नात. टाचणीनं नाही, टाक्यानं, कारण टाचणी गंजते आणि डाग पडतो. एवढ्या एका गोष्टीनं त्या ढिगाचं ओझं उतरलं. निम्म्या साड्या योग्य घरी गेल्या. दोन साड्या सासूबाईंनी स्वतः नेसायला घेतल्या, त्यांचा फॉल-पिको तुम्हीच केला.

यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट मी चिंध्यांत काढले होते. तुम्ही ते परत घेतले. शहरात राहणाऱ्यांना सांगते, आमच्याकडे कापूस वेचायला जाताना बाया साडीवरून माणसाचा शर्ट घालतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखासारखी असतात, दिवसभर पऱ्हाटीत हात घातले की मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. वरून ऊन. तुम्ही त्या शर्टांना गळ्यापर्यंत बटणं लावली, फाटक्या कोपरांवर ठिगळं दिली आणि खालच्या कप्प्यात वेचणीचा वेगळा गठ्ठा केला. वेचणी सुरू झाली त्या सकाळी मी आणि जाऊबाईंची बहीण गठ्ठा उचलून थेट वावरात गेलो, काही शोधाशोध नाही.

पोराचा गेल्या वर्षीचा गणवेश आखूड झाला म्हणून मी तो देऊन टाकणार होते. 2024 साली गणवेशाचं काम बचत गटांकडे आलं तेव्हा तुम्हीही ते शिवले होते, म्हणून तुम्हाला ठाऊक, आत किती माया सोडलेली असते. पँटची तळपट्टी उसवली, दोन बोटं कापड निघालं, आणखी एक वर्ष भागलं. अगदीच विरलेल्या, ठिगळालाही न जुमानणाऱ्या साड्या यांनी तुरीच्या धुऱ्यावर बांधल्या. रात्री वाऱ्यानं हलल्या की रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं बिचकतात. त्यासाठी लोक आठवडी बाजारातून जुन्या साड्या विकत आणतात. आमच्या तर घरातच पडल्या होत्या. नायलॉनच्या उन्हापावसात टिकतात, सुती लवकर गळतात, हेही तुम्हीच वेगळं करून दिलं.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते.

दुसऱ्या कप्प्यातल्या एका साडीच्या घडीत पावती होती. सोनं गहाण ठेवल्याची. सोयाबीन पावसात गेलं त्या सालची. घरात मी आणि हे सोडून कोणाला माहीत नव्हतं. सासूबाई बाजेवर होत्या, जाऊबाई दारात. पावती तुमच्या हातात पडली, तुम्ही ती वाचली, मी तुमचा चेहरा पाहत होते. तुम्ही ती घडी करून माझ्या मुठीत ठेवली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणालात, ‘कागद कपड्यात नको ठेवजो. कागदालेबी कसर लागते. येगळी पिशवी कर.’ आणि पुढची साडी उचलली.

काकू, गावात बाई दुसऱ्या बाईला स्वयंपाकघरात येऊ देते, पण आलमारी उघडून दाखवत नाही, ती यासाठीच. त्यात घराची सारी अडचण असते. फाटके परकर, उसवलेले ब्लाऊज, कर्जाचे कागद. तुमच्याकडे दिवसभर बाया येऊन बसतात, माप देता देता साऱ्या गावाच्या गोष्टी निघतात. त्यात आमची गोष्ट कधी निघाली नाही. कोणी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं नाही, नळावर कोणी आडून विचारलं नाही. तुम्ही यांनासुद्धा कधी काही बोलला नाहीत. ते सोनं आता सुटलं आहे, सासूबाईंनाही सांगून झालं, म्हणून आज उघड लिहितेय. तेव्हा तुमच्या त्या गप्प राहण्यानं मला केवढा आधार दिला, ते तुम्हाला कळायला हवं.

सगळ्यांचे ढीग लागले, कप्पे ठरले, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘आन तुये कपडे कोठी हायेत व?’

माझे कपडे बाजेखालच्या पेटीत होते. रोजचे दांडीवर. आलमारी माझ्या माहेरची, पण तिच्यात माझं काही नव्हतं, आणि ते इतक्या वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी स्वतः मागितलं नव्हतं, तशी रीतच पडून गेली होती. तुम्ही कोणाला बोल लावला नाही. फक्त मधला कप्पा, डोळ्यासमोर येणारा, रिकामा केला आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘ठेव, ठेव. तिचीच हाय आलमारी.’ माझ्या साड्या तुम्ही स्वतः लावल्या. आईनं दिलेली निळी इरकल सगळ्यात वर.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दोनदा पाकीट परत पाठवलंत. यंदा तूर चांगली झाली आहे, जात्यावर भरडून डाळ केली की पायलीभर पोरीच्या हातानं पाठवते. ती परत पाठवू नका, तिला दोन वेळा चालायला लागेल. आणि जाऊबाई विचारताहेत, त्यांच्या माहेरची आलमारी लावायला संक्रांतीनंतर याल का? तुमचा येण्या-जाण्याचा बसचा खर्च त्या देणार, आणि त्या दिवसांचं तुमचं शिलाईचं काम काज-बटणापुरतं मी करून ठेवीन. तेवढं तुम्ही शिकवलंच आहे मला.

तुमची,
पिंपळाजवळच्या घरची मोठी सून
ता. दारव्हा, जि. यवतमाळ